खिंडीतलं फाटक

त्याला आख्खं गाव कवळी म्हणतं. समोर आला की "कवळीवाले, नमस्कार", वळला की नुसतं "कवळी". तोंडावर कवळ्या म्हणणारा मी एकटाच, कारण तोही मला चारचौघांत पंक्चर म्हणून हाक मारतो. माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे आणि माझा स्वभाव, असं त्याचं मत, थोडं टोचलं की फुस्स होण्याचा आहे. मत चुकीचं आहे. मी फुस्स होत नाही, मी फुटतो.

दातांच्या दवाखान्यामागे एक खोली आहे, तिथे बसून तो खोटे दात बनवतो. पूर्वी तिथे अडगळ ठेवायचे. खोलीला खिडकी नाही. डोक्यावर ट्यूबलाइट, पंखा आहे पण भुकटी उडते म्हणून बंद, आणि फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने आ वासून बसलेले. दवाखाना आणि ही खोली यांच्यामधल्या भिंतीत एक चौकोनी भोक आहे. त्यातून डॉक्टरचा हात आत येतो, कोणाच्या तरी तोंडाचं माप ठेवतो आणि जातो. कित्येकदा दिवसभरात डॉक्टरचा तेवढाच भाग त्याला दिसतो.

हा डॉक्टर म्हणजे त्याच्या बायकोचा थोरला भाऊ. तळमजल्यावर दवाखाना, पहिल्या मजल्यावर डॉक्टरचं बिऱ्हाड, आणि गच्चीखाली दोन खोल्यांत हा आणि वहिनी. घरजावई म्हटलं की लोकांना वाटतं, सासरच्या गादीवर लोळत असेल. लोळायला गादी लागते. हा जिना उतरला की कामावर आणि जिना चढला की घरी. रस्ता असा त्याच्या वाट्याला येतच नाही. वहिनी दवाखान्याच्या बाहेरच्या टेबलावर बसते, फोन घेते, पेशंटना आत सोडते. नवराबायको दिवसभर एकाच छपराखाली, आणि मध्ये मेहुणा.

कारागीर मात्र पक्का. त्याच्या कामातली एक गंमत मला आणि वहिनीलाच माहीत आहे. प्रत्येक कवळीत वरच्या बाजूचा एक दात, डाव्या सुळ्याच्या अलीकडचा, तो किंचित फिरवून बसवतो. "फार सरळ दात खोटे दिसतात," तो म्हणतो. "देवानं कोणाला इतके सरळ दिलेत?" डॉक्टरच्या हे कधी लक्षात आलं नाही. लक्षात यायला बघावं लागतं.

कवळी टोचते, हलते, निसटते अशी तक्रार आली की त्याचं एक ठरलेलं वाक्य होतं. "माप घाईत घेतलं. मी काय करू? मला जे माप मिळतं त्यावर मी बसवतो." वहिनीला, मला, समोरच्या वाण्याला, सगळ्यांना हेच. त्याच्या तोंडात ते वाक्य त्यानं बनवलेल्या कुठल्याही कवळीपेक्षा घट्ट बसलं होतं. आणि खरंही वाटायचं, कारण डॉक्टर घाईतलाच माणूस. जेवताना पण पायात बूट.

डॉक्टर परगावी परिषदेला गेला की दवाखाना बंद, आणि तो दिवस आमचा. आम्ही सायकली काढतो आणि घाट चढतो. दोघंही आता चाळिशीच्या पलीकडचे, पण सायकली चांगल्या आहेत. त्याची मीच उभी केलीय, हलकी चौकट, बारीक चाकं, जुने पण इमानी गिअर. मी पुढे, तो मागे, ही पद्धत. मागचा पुढच्याच्या चाकाला चिकटून चालवतो, म्हणजे वारा पुढचा खातो. खड्डा आला की पुढच्याने हात खाली करून दाखवायचं, गाडी आली की वर. मागच्याला रस्ता दिसत नाही, चाक दिसतं आणि हात दिसतो. कवळ्याला हे सोयीचं होतं. मी एकदा म्हणालो, "कधी तरी पुढे ये की." तर म्हणाला, "इथं बरं आहे."

त्या दिवशी पहाटे मी त्याला घ्यायला गेलो तर खाली दवाखान्यात, बाहेरच्या टेबलापाशी दिवा होता आणि वहिनी तिथे शिवणयंत्राशी बसली होती. मांडीवर फिक्या निळ्या कापडाची भलीमोठी घडी.

"एवढ्या सकाळी काय शिवताय?" मी विचारलं.

"अजून काही नाही, भावजी," ती म्हणाली. "माप आलं की शिवते."

त्याच्या सीटमागची पिशवी तिनंच बांधली. पट्टा दोनदा ओढून बघितला. "खायचं तुमच्याकडे दिलंय," मला म्हणाली, "यांच्या पिशवीत थोडं सामान आहे." मग नवऱ्याकडे बघून म्हणाली, "सावकाश जा." हा "हो" म्हणाला आणि तिच्याकडे न बघता पायडल मारलं.

गावाबाहेर पडलो आणि पहिला धक्का बसला. कवळ्या माझ्या उजवीकडून पुढे आला आणि पुढेच राहिला. मी म्हटलं, चला, आज सूर्य कुठून उगवतोय बघू. त्याच्या चाकाला चिकटलो. पण सवय नव्हती ना त्याला, खड्डे दाखवेना. दोन खड्ड्यांत मी आपटलो आणि माझ्या तोंडातून जे निघालं ते इथे लिहीत नाही.

आमच्या घाटाची एक वाईट खोड आहे. तो गावाला सोडतच नाही. रस्ता डोंगराच्या एकाच अंगानं नागमोडी चढतो, डावीकडे कातळ, उजवीकडे कठडा, आणि प्रत्येक दुसऱ्या वळणावर खाली तेच गाव. दवाखान्याच्या गच्चीवर पाण्याची निळी टाकी आहे, ती दिसतेच. फेस येईपर्यंत चढावं, मांड्या पेटाव्यात, वळण घ्यावं, की खाली टाकी. थोडी लहान झालेली, बस. मागून मालाचे ट्रक येतात, तोंडावर धूर सोडतात आणि तुम्ही कातळ आणि चाक यांच्यामध्ये श्वास धरून उभे राहता. लोक म्हणतात, सायकलवर मोकळं वाटतं. वाटत असेल सपाटीवर.

अर्ध्या चढावर रस्त्याखालून ओढा जातो, तिथली एक मोरी आहे, तिथे आम्ही पाणी प्यायला थांबतो. मी केळं सोलत होतो. तो म्हणाला, "पंक्चर, मी आज पलीकडं उतरणार आहे."

"उतर की. आणि परत चढणार कोण, तुझा मेहुणा?"

"परत आज नाही चढायचं. आधी ऐक."

मग त्यानं सांगितलं. पलीकडच्या शहरात त्याच्याबरोबर हे काम शिकलेली एक बाई होती. तिची स्वतःची दात बनवायची प्रयोगशाळा, तीन-चार डॉक्टरांचं काम, नाव चांगलं. आता तिची नजर कमी होत चालली होती आणि तिला बरोबरीचा माणूस हवा होता, नोकर नाही, भागीदार. तिनं आधी याला विचारलं होतं. आज संध्याकाळपर्यंत येऊन जागा बघ आणि हो-नाही सांग, उद्या दुसरा माणूस येणार आहे, असं तिचं म्हणणं.

"खिडकी आहे तिथं," कवळ्या म्हणाला. "टेबलासमोर. दाराएवढी. पूर्वेला. फोनवर सांगितलं तिनं."

माणूस किती वर्षं ट्यूबलाइटखाली बसला की खिडकी हा शब्द असा उच्चारतो, ते मला त्या वेळी कळलं. माझ्या हातातलं केळं तसंच राहिलं.

"वहिनीला सांगितलंस?"

"नाही. ती भावाला सांगेल."

"सांगेल कशावरून?"

"भाऊ आहे तिचा."

"आणि तू कोण आहेस?"

यावर तो बाटलीचं बूच लावत बसला. मला राग आला, आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटली. हा पलीकडे गेला तर डॉक्टर आधी माझ्या दुकानात येणार, कारण पळवून नेणारा मी. न गेला तर हा आयुष्यभर माझ्याच दुकानात येऊन त्या भोकाच्या गोष्टी सांगणार. माझंच इकडे आड तिकडे विहीर झालं होतं. पण मी म्हणालो, "चल मग. फाटक दुपारी पडतं."

हे फाटक समजून घ्यायला हवं. खिंडीच्या पलीकडचा उतार इतका अरुंद आहे की समोरासमोर दोन वाहनं मावत नाहीत. म्हणून सकाळपासून दुपारपर्यंत इकडून तिकडे सोडतात, मग फाटक पाडतात आणि तिकडून इकडे. सायकललाही तोच नियम. दुपारी फाटक पडलं की आपल्या बाजूनं ते दुसऱ्या दिवशी सकाळीच उघडतं. आणि दुसऱ्या दिवशी त्या बाईकडे दुसरा माणूस.

उरलेला चढ मी पुढे राहून ओढला. पोटऱ्यांत गोळे आले, तरी थांबलो नाही. मागे वळून बघायचा नियम नाही आमच्यात, पण श्वास ऐकू येतो. त्याचा श्वास चांगला चालला होता. शेवटच्या वळणानंतर टाकी दिसायची बंद होते. तिथे मी मुद्दाम ओरडून सांगितलं, "गेली रे टाकी." तो हसला. त्या दिवशीचं त्याचं तेवढंच हसू.

खिंडीत पोचलो तेव्हा फाटक उघडं होतं. लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा लांब दांडा आकाशाकडे बघत उभा, आणि त्याखालून पलीकडचा रस्ता सरळ उतरताना दिसत होता. वेळ हाताशी होता.

"चल, थांबू नको," मी म्हणालो.

"एक चहा घेऊ," तो म्हणाला.

मला तेव्हाच कळायला हवं होतं.

फाटकवाल्याची पत्र्याची खोली रस्त्याला लागूनच आहे. आत एक खाट, स्टोव्ह, भिंतीवर घड्याळ, आणि दांड्याचा दोर दारातल्या खुंटीला गुंडाळलेला. म्हातारा एकटाच असतो, येणाऱ्याजाणाऱ्याला चहा देतो. त्या वेळी तो शिळा पाव चहात बुडवून बुडवून खात होता. त्याचे दात शेजारी कट्ट्यावर, धुतलेल्या रुमालावर ठेवलेले.

कवळ्याची नजर तिकडे गेली. सुताराची नजर दाराच्या चौकटीकडे जाते तशीच.

"आजोबा, खाताना कवळी काढता?"

"हो. खाऊन झालं की लावतो."

"ती खाण्यासाठी असते."

"माझी दाखवण्यासाठी आहे," म्हातारा म्हणाला. "गाडीतून साहेब लोक जातात, बोळक्या तोंडानं सलाम कसा करायचा? हत्तीचं जसं असतं ना, दाखवायचे वेगळे. फक्त माझ्याकडे खायचे नाहीत."

"टोचते?"

"इथं," त्यानं गालावर बोट ठेवलं. "खाली गावात केली, त्या जिन्याजवळच्या डॉक्टरकडे. दोनदा जाऊन आलो. म्हणाले, सवय होईल. किती वर्षांत होईल ते नाही म्हणाले."

कवळ्यानं हात धुतले आणि विचारून ती कवळी उचलली. उजेडाकडे धरली. मीही बघितलं. वरच्या रांगेत, डाव्या सुळ्याच्या अलीकडचा दात किंचित फिरलेला.

मला वाटलं, आता वाक्य येणार. आलंच. "माप घाईत," तो म्हणाला, "माप घाईत घे..." आणि आतल्या बाजूनं फिरणारं त्याचं बोट थांबलं. पुढे गेलं, परत मागे आलं, त्याच जागी थांबलं.

"काय झालं?" मी विचारलं.

"मणी आहे इथं. राईएवढा."

"मग? डॉक्टरचं माप चुकलं."

"माप चुकलं असतं तर सगळीकडून सैल झाली असती." तो अगदी हळू बोलत होता. "मापात प्लास्टर ओततात ना, ते मी ओततो. ओतताना हवेचा बुडबुडा राहिला की साच्याला खळी पडते. त्या खळीत कवळीचा गुलाबी मसाला भरतो आणि कवळीच्या आत असा मणी उभा राहतो. देण्याआधी आतून बोट फिरवायचं असतं. मी फिरवलं नाही."

"पण डॉक्टरनं दोनदा बघितलं ना? त्याला नको दिसायला?"

"त्याचं तो बघेल," कवळ्या म्हणाला. "हा मणी माझा आहे."

म्हातारा बिचारा पाव हातात धरून एकदा याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होता. हे दात करणारा माणूस आपल्या दारात सायकलवरून आलाय, एवढं त्याला कळलं. त्यानं राग केला नाही. राग केला असता तर बरं झालं असतं. त्यानं विचारलं, "मग निघेल का हो तो?"

मी माझा पंक्चरचा डबा काढला, त्यात खरखरीत कागद असतो, ट्यूब घासायचा. कवळ्या म्हणाला, त्यानं चरे पडतील. निदान पुसायला फडकं मिळेल म्हणून त्यानं आपल्या सीटमागची पिशवी उघडली. आत सगळ्यात वर त्याचा चांगला सदरा होता, इस्त्री केलेला, चुरगळू नये म्हणून कागदात गुंडाळलेला. त्याखाली त्याच्या कामाच्या हत्यारांची गुंडाळी. बारीक कानशी, मेणाची सुरी, चकाकीचं फडकं, सगळं जागच्या जागी. गुंडाळीला फिक्या निळ्या कापडाची पट्टी बांधलेली होती.

"हत्यारं घेऊन आलायस?" मी म्हणालो.

"मी नाही ठेवली."

आम्ही दोघंही त्या निळ्या पट्टीकडे बघत राहिलो.

"त्या बाईचा फोन कुठे यायचा?" मी विचारलं.

"दवाखान्यात."

"उचलायचं कोण?"

जिला सांगायचं नाही म्हणून हा महिनाभर चोरासारखा वागला, तिला सगळं ठाऊक होतं, आणि तिनं त्याची हत्यारं बांधून दिली होती. भावाच्या घरातून. मला वहिनीचा इतका अभिमान वाटला की मी म्हणालो, "आता कसली वाट बघतोयस? हे घास आणि सूट."

तो खाटेच्या कडेला बसला आणि काम करू लागला. कानशीनं अगदी अलगद, मग बोट, मग परत कानस. गुलाबी भुकटी त्याच्या गुडघ्यावर पडत होती. म्हाताऱ्यानं घालून बघितली, बोट दाखवलं, यानं परत घेतली. असं तीन-चारदा. काम पाच मिनिटांचं होतं, हे मलाही कळत होतं. त्यानं ते लांबवलं. चकाकी आणली, कडा बघितल्या, ज्या कडांबद्दल कोणाची तक्रार नव्हती त्याही बघितल्या. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाठ करून बसला होता, पण पलीकडच्या उतारावर ट्रकांचे भोंगे सुरू झाले होते आणि ते काही पाठ करून थांबत नाहीत.

शेवटी म्हाताऱ्यानं कवळी बसवली, पावाचा कडक काठ तोडला आणि चावला. आवाज आला, कुरकुर. तो चावत राहिला, गिळलं तरी चावत राहिला. डोळे पुसले आणि म्हणाला, "लागत नाही." मग परत, "अजिबात लागत नाही हो."

मग त्यानं घड्याळ बघितलं, उठला आणि खुंटीवरचा दोर सोडला. खिंडीच्या तोंडाशी मी दोन्ही सायकली धरून उभा होतो. कवळ्या येऊन आपल्या सायकलशी उभा राहिला, हात हँडलवर.

"वेळ झालीय," म्हातारा म्हणाला, "पण तुम्हाला जायचं असेल तर मी खाली निरोप देतो, पलीकडच्या गाड्या थोड्या थांबवतील. एवढं तर करीनच. सांगा, दांडा टाकू की ठेवू?"

म्हणजे आता फाटक अडवत नव्हतं. मेहुणा परगावी होता. बायकोनं हत्यारं दिली होती. रस्ता उताराचा होता, पायडलसुद्धा मारायला नको. याच्या आणि त्या खिडकीच्या मध्ये कोणीही उभं नव्हतं.

"जा," मी म्हणालो. "मी खाली जाऊन वहिनीला सांगतो. डॉक्टरलाही मीच सांगतो, मग काय व्हायचं ते होऊ दे. तू जा."

त्यानं उजव्या हाताचं पहिलं बोट अंगठ्यावर घासलं, आतून काही चाचपतोय तसं. म्हातारा दोर धरून थांबला होता.

"टाका," कवळ्या म्हणाला.

दांडा खाली आला.

उतरताना गारठा लागतो म्हणून आम्ही छातीवर सदऱ्याच्या आत वर्तमानपत्र घालतो. त्या दिवशी त्यानं इस्त्रीच्या सदऱ्याचा कागद काढून घातला. मी काही बोललो असतो तर मैत्री तिथेच खिंडीत राहिली असती. मी पुढे, तो मागे, नेहमीसारखे. पहिल्या वळणालाच टाकी दिसली, आणि मग दर दुसऱ्या वळणाला मोठी होत गेली.

ब्रेक तापले म्हणून मोरीशी थांबावंच लागलं.

"दात होते तेव्हा चणे नव्हते, आता चणे आले तर तू दातच काढून ठेवलेस," मी म्हणालो. "का रे?"

तो कठड्यावर बसला. "किती तोंडं असतील, पंक्चर? ज्यांना मी म्हणालो, माप चुकलंय?"

"असतील दहा-पाच. मग घासून दे त्यांना. आज दिलंस ना?"

"इथं काही बिघडलं तर डॉक्टर आहे," तो म्हणाला. "डॉक्टर घाईत होता, खोलीत उजेड नव्हता, भोकातून माप येतं. तिथं सगळं चांगलं आहे. ती बाई नीट, माप नीट, उजेड भरपूर. तिथं बिघडलं तर मी काय सांगू? कोणावर ढकलू?"

"कोणावर कशाला ढकलायला हवं? चुकतो माणूस. माझी चूक होते की रोज."

"तुझी चूक झाली तर हवा जाते, भर रस्त्यात सगळ्यांना दिसतं. गिऱ्हाईक शिव्या देतं आणि विषय संपतो. माझी चूक लोक तोंडात घेऊन गप्प बसतात. तो म्हातारा बघ, वर बसून पाव भिजवून खात होता, आणि मी खाली सांगत होतो की मी चांगलं काम करतो, मला फक्त खिडकी नाही."

यावर म्हणायला हवं होतं, की बाबा, आज तुला बुडबुडा कळला, आता तू त्या खिडकीत बसायला लायक झालास. पण हे मला रात्री अंथरुणात सुचलं, आणि तोवर त्याचा काही उपयोग नव्हता. त्या वेळी मी नुसतं म्हणालो, "चल, ब्रेक गार झाले."

दवाखान्याशी पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. वहिनी जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसली होती, शेजारी ती निळी घडी, गळ्यात मोजायची टेप. आम्हाला दोघांना बघून ती उठली. आज परत येतील असं तिला वाटलं नसावं, पण तिनं तसं म्हटलं नाही. त्यानं पिशवीतून हत्यारांची गुंडाळी काढून तिच्या हातात दिली. तिनं पट्टी सोडली, कानशीवर बोट फिरवलं. बोटाला गुलाबी भुकटी लागली.

तिचा चेहरा असा उजळला की मला जमीन दुभंगावी असं झालं.

"काम करून बघितलंत?" ती म्हणाली.

"एक," तो म्हणाला.

"जमलं?"

"जमलं."

मग वर डॉक्टरच्या बिऱ्हाडाकडे बघून, आवाज खाली आणून तिनं विचारलं, "आणि खिडकी? किती मोठी आहे?"

मी त्याच्याकडे बघितलं. मला वाटलं, सांगेल. फाटक पडलं म्हणेल, उशीर झाला म्हणेल, म्हाताऱ्यावर ढकलेल, माझ्यावर ढकलेल. ढकलण्यात त्याचा हात कोण धरणार? पण त्या दिवशी त्याला तेवढंही करता आलं नाही.

"नाही," तो म्हणाला. "खिडकी नाही तिथं."

वहिनीनं माझ्याकडे बघितलं. मी खाली वाकून सायकलच्या साखळीला हात लावला, जिला काहीही झालं नव्हतं.

"बरं," ती म्हणाली. "मग शिवत नाही."

तिनं गळ्यातली टेप काढली, बोटांवर गुंडाळली, पडद्याच्या कापडाची घडी उचलली आणि जिना चढून वर गेली.